बटण अळिंबीवरचा डाग कोणत्या जीवाणूचा, हे कसे ठरवावे

डागाळलेल्या अळिंबीचे खोके घेऊन प्रयोगशाळेत येणाऱ्या उत्पादकाचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: “बॅक्टेरिया लागलाय, काय मारू?” या वाक्यातला पहिला भाग खरा असू शकतो, पण खोके पाहून तो खरा ठरत नाही. निरोगी, पांढऱ्याशुभ्र बटण अळिंबीच्या टोपीवरही जीवाणू भरपूर असतात. केसिंगच्या, म्हणजे कंपोस्टवर घालायच्या मातीसारख्या आवरणाच्या, थरात तर ते असावेच लागतात, कारण स्यूडोमोनास पुटिडासारख्या जीवाणूंच्या मदतीवाचून बटण अळिंबीला पिनहेड, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे पहिले कोंब, नीट धरत नाहीत. त्यामुळे डागातून जीवाणू मिळाला एवढ्यावरून तोच रोगाचे कारण आहे असे म्हणता येत नाही. चोरी झालेल्या घरात कोणी सापडला म्हणून तो चोर ठरत नाही. तो घरातला माणूसही असू शकतो.

जीवाणू वेगळा करायचा, त्याची ओळख पटवायची, निरोगी अळिंबीवर तो तसाच रोग पाडतो का ते पाहायचे आणि तिथून तोच पुन्हा मिळवायचा, हा रॉबर्ट कॉख यांच्या कसोट्यांचा क्रम इथेही सोडता येत नाही. पुढे दिलेली पद्धत कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी आणि मोठ्या प्रकल्पांत छोटी प्रयोगशाळा चालवणारे तंत्रज्ञ यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शकही नाही अशा उत्पादकांना नमुना घेण्यापर्यंतचा भाग पुरेसा आहे आणि खरे तर सर्वांत जास्त चुका त्याच भागात होतात.

लागवडीच्या खोलीत काय पाहावे

बटण अळिंबीवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा जीवाणूजन्य रोग म्हणजे तपकिरी डाग. अमेरिकेत टोलास यांनी १९१५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये पेन यांनी त्याच्या जीवाणूला टोलास यांच्या नावावरून नाव दिले. आज आपण त्याला स्यूडोमोनास टोलासी म्हणतो. सुरुवातीला टोपीवर, विशेषतः दोन टोप्या एकमेकींना टेकतात तिथे किंवा पाण्याचा थेंब साचून राहतो तिथे, फिकट पिवळसर ठिपका दिसतो. पुढे तो सोनेरी, मग गडद चॉकलेटी होतो, किंचित खोल जातो आणि ओलसर, चकचकीत दिसू लागतो. टोपी उभी कापली तर रंग वरच्या दोन-तीन मिलिमीटरपुरताच असतो आणि खालचा गर पांढरा राहतो. डाग देठावरही पडतात. कित्येकदा काढणीच्या वेळी माल स्वच्छ असतो आणि पॅकिंगनंतर शीतगृहातून बाजारात जाईपर्यंत डाग उमटतात. अशा वेळी दोष व्यापाऱ्याला दिला जातो, पण जीवाणू खोलीतूनच गेलेला असतो.

त्याच्याशी हमखास गोंधळ होतो तो आल्याच्या रंगाच्या डागाशी. हा डाग स्यूडोमोनास जिंजेरी या जीवाणूमुळे पडतो. त्याचा रंग सुरुवातीपासूनच फिकट तांबूस-पिवळा, सोललेले आले थोडा वेळ उघडे ठेवल्यावर दिसते तसा असतो आणि दिवस गेले तरी तो चॉकलेटी होत नाही. म्हणून संशय असेल तेव्हा डाग पडलेली दोन-तीन अळिंबी काढू नयेत, त्यांच्या शेजारी काडी रोवून खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहावे. एका दिवसाच्या थांबण्याने जो फरक कळतो तो छायाचित्रावरून कळत नाही.

स्यूडोमोनास ॲगारिसीमुळे होणारा रोग टोपी वरून पाहून कळतच नाही. टोपीच्या आतला पडदा अजून फाटलेला नसताना तो सुईने अलगद उचलला, तर टोपीखालच्या उभ्या पातळ पाळ्यांवर, ज्यांना सगळे गिल्स म्हणतात, मळकट पांढरे किंवा तपकिरीसर चिकट थेंब लोंबताना दिसतात. हा थेंब म्हणजे जवळजवळ निव्वळ जीवाणूंचा लगदा असतो. काढलेल्या मालातून रोज पाच-दहा बंद टोप्या उघडून पाहण्याची सवय नसेल तर हा रोग बाजारात गेल्यावरच समजतो.

देठाच्या आतल्या तपकिरी कुजीचेही तसेच आहे. अळिंबी बाहेरून देखणी असते, पण काढताना देठाचे बूड कापले की मधोमध तपकिरी, कधी ओलसर तर कधी सुकलेली रेघ दिसते आणि ती टोपीच्या दिशेने वर चढलेली असते. इथे संशय इविंगेला अमेरिकाना या जीवाणूवर जातो. ममी रोगात मात्र डाग नसतात, अळिंबीचा आकारच बिघडतो: देठ वाकतो, टोपी कलते, वाढ थांबते, बुडाशी अळिंबीचेच पांढरे तंतू दाट फुगलेले दिसतात आणि कापताना सुरीखाली रेती आल्यासारखे कचकचते. ती कुजत नाही, चिवट होऊन वाळते. हा रोग वाफ्यात तंतूंच्या जाळ्यातून दिवसाला साधारण वीतभर सरकतो, त्यामुळे त्याची पुढची सीमा रोज खूण करून मोजता येते आणि ते मोजमाप निदानाला मोलाचे ठरते. टोपीवर खड्डे पडून गर झपाट्याने विरघळत असेल, तर बर्कहोल्डेरिया ग्लॅडिओलीचा अळिंबीवर वाढणारा प्रकार किंवा जँथिनोबॅक्टेरियम ॲगॅरिसिडॅम्नोसम यांचा विचार करावा लागतो.

जीवाणूंकडे वळण्याआधी बुरशीजन्य रोग बाजूला काढावेत. भिंगातून डागावर करडी किंवा पांढरी लव दिसली तर बहुधा तो जीवाणू नाही. कोरड्या बुडबुड्याच्या रोगातही तपकिरी डाग पडतात, पण ते कोरडे असतात आणि शेजारी बेढब, कांद्याच्या आकाराची अळिंबी सापडतात. ओल्या बुडबुड्याच्या रोगात वेड्यावाकड्या गोळ्यातून अंबरी रंगाचे थेंब पाझरतात. ते थेंब पाहून पुष्कळांना जीवाणूंची शंका येते. जाळीच्या रोगात केसिंगवरून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरलेले दिसतात. याशिवाय हात लागून, घासून किंवा पंख्याचा झोत थेट आल्याने टोपी तपकिरी पडते ती वेगळीच. रोगातला तपकिरी रंगही जीवाणूचा नसतो. अळिंबीच्या पेशी फुटल्या की तिच्या स्वतःच्याच टायरोसिनेज विकरामुळे तो रंग तयार होतो. सफरचंद कापून ठेवल्यावर काळवंडते त्यातलाच हा प्रकार. पेशी बोटाने फुटल्या की जीवाणूच्या विषाने, हे रंग सांगत नाही.

खोलीतल्या नोंदी इथेच कराव्यात: कितवा फ्लश (काढणीचा बहर), तापमान, आर्द्रता, पाणी दिल्यावर टोप्या कोरड्या व्हायला किती वेळ लागतो, पाणी विहिरीचे की टाकीचे, माशा आहेत का, केसिंगचे साहित्य कुठून आणले आणि ते निर्जंतुक केले होते का. तपकिरी डागाच्या बाबतीत टोप्या दोन-तीन तासांत कोरड्या होत नसतील तर ही एक नोंद पुढच्या सगळ्या चाचण्यांइतकी बोलकी असते.

नमुना

पूर्ण कुजलेली, पाणी सुटलेली अळिंबी नमुना म्हणून निरुपयोगी असते. तिच्यावर मूळ रोगकारकामागून आलेल्या जीवाणूंची गर्दी झालेली असते आणि जीवाणू वाढवायच्या माध्यमाच्या थाळीवर तेच भराभर वाढतात. ठिपका नुकताच उठलेली आठ-दहा अळिंबी घ्यावीत, त्याच वाफ्यातली चार निरोगी घ्यावीत आणि केसिंगचे दोन चमचे व पाण्याचा थोडा नमुना वेगळ्या निर्जंतुक बाटल्यांत घ्यावा. निरोगी अळिंबी आणायला सांगितली की लोकांना आश्चर्य वाटते, परंतु तुलनेला काही नसेल तर थाळीवर दिसणाऱ्या कॉलनीला, म्हणजे जीवाणूंच्या ठिपक्यासारख्या वाढीला, अर्थ उरत नाही. प्रत्येक अळिंबी वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावी. प्लास्टिकमध्ये घाम येतो आणि ज्या जीवाणूचा शोध घ्यायचा त्याच्यासह बाकी सर्वांची वाटेतच वाढ होते. नमुना सुमारे ४ अंश सेल्सियसला ठेवून २४ तासांच्या आत कामाला घ्यावा.

जीवाणू वेगळा करणे

वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेत शिकलेला हात सवयीने अल्कोहोल किंवा सोडियम हायपोक्लोराइटकडे जातो आणि पानाचा तुकडा बुडवतो तसा टोपीचा तुकडा बुडवतो. तपकिरी डागाच्या बाबतीत हे टाळावे. जीवाणू टोपीच्या पृष्ठभागावर आणि त्याखालच्या पातळ थरात असतो. निर्जंतुकीकरणाने शोधायचा तोच आधी मरतो. टोपी निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा हलकेच धुवावी आणि डागाची कड, म्हणजे अर्धा भाग रोगट व अर्धा पांढरा, अशा जागेचा सुमारे एक ग्रॅम गर तापवून थंड केलेल्या पात्याने काढावा. देठाच्या आतल्या कुजीत मात्र उलट करावे लागते: बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसावे, देठ हाताने उभा फाडावा आणि पाते न लावता उघड्या पडलेल्या आतल्या रेघेतूनच नमुना घ्यावा. गिल्सवरच्या थेंबासाठी निर्जंतुक सुईचे टोक पुरते.

एक ग्रॅम गर ९ मि.ली. निर्जंतुक पाण्यात चुरडून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि त्यातून दर पायरीला दहापट पातळ करत सहाव्या पायरीपर्यंत जावे. शेवटच्या तीन-चार पायऱ्यांतले ०.१ मि.ली. द्रावण किंग्ज बी माध्यमाच्या थाळ्यांवर पसरावे. या माध्यमात एका लिटरला प्रोटिओज पेप्टोन २० ग्रॅम, ग्लिसरॉल १० मि.ली., डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १.५ ग्रॅम आणि अगर १५ ग्रॅम लागते, सामू ७.२ ठेवून १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करावे. पाणी ऊर्ध्वपातितच वापरावे. हा शुद्धतेचा नुसता आग्रह नाही: स्यूडोमोनास जीवाणू चमकणारे हिरवट-पिवळे द्रव्य बनवतात ते लोह कमी असेल तेव्हाच, त्यामुळे बोअरच्या लोहयुक्त पाण्यात केलेल्या माध्यमावर चमकणारा जीवाणूही चमकत नाही आणि सगळी ओळख पहिल्याच पायरीला चुकते.

थाळ्या २५ अंशांवर ठेवाव्यात. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरची सवय इथे घातक आहे. अळिंबीवरचे हे पाहुणे थंड खोलीतले आहेत. निरोगी अळिंबीच्या थाळ्याही त्याच दिवशी, त्याच माध्यमावर लावाव्यात.

थाळी वाचणे

चोवीस तासांनी आणि पुन्हा अठ्ठेचाळीस तासांनी थाळी पाहावी. तीस ते तीनशे कॉलनी असलेली थाळी निवडावी आणि रोगट व निरोगी अशा दोन थाळ्या शेजारी ठेवून प्रश्न विचारावा, की रोगट थाळीवर संख्येने वरचढ असलेली आणि निरोगीवर नसलेली किंवा तुरळक असलेली कॉलनी कोणती. मग अंधाऱ्या जागी सुमारे ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली चमक पाहावी. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. हिरवट-निळी चमक दिसली की उत्साहाने “सापडला” म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण पिनहेड धरायला मदत करणारा पुटिडाही तसाच चमकतो.

उलट बाजूची अडचण अधिक सूक्ष्म आहे. टोलासी जीवाणू रूप बदलतो. रोग पाडणाऱ्या रूपाच्या कॉलनी गुळगुळीत, अपारदर्शक आणि किंचित बुळबुळीत असतात. हीच कॉलनी माध्यमावर वारंवार उतरवत राहिली की मधूनच पातळ, पारदर्शक, खडबडीत कडांच्या कॉलनी फुटतात आणि त्या अळिंबीवर डाग पाडत नाहीत. तिरप्या प्रकाशात थाळी धरली तर साबुदाण्याच्या शिजलेल्या आणि अर्धकच्च्या दाण्यांत जसा फरक दिसतो तसा तो दिसतो. विद्यार्थ्यांनी महिनाभर जपलेली शुद्ध कॉलनी ऐनवेळी अळिंबीवर काहीच करत नाही आणि सगळा प्रयोग फसला असे वाटते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. म्हणून प्रत्येक नमुन्यातून एकच नव्हे तर पाच-सहा कॉलनी निवडाव्यात आणि अपारदर्शक रूप मिळताक्षणी जतन करावे. ते कसे ते शेवटी सांगितले आहे.

पहिल्या चाचण्या

निवडलेली प्रत्येक कॉलनी रेघा ओढून पुन्हा शुद्ध करावी आणि मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडची चाचणी करावी. काचपट्टीवर ३ टक्के द्रावणाचा एक थेंब घेऊन त्यात कॉलनीचा कण काडीने ढवळावा आणि पाच-दहा सेकंदांनी काडी हलकेच वर उचलावी. पाकाची तार पाहतो तशी ही तार पाहायची. चिकट तार वर येत असेल तर जीवाणू ग्रॅम-ऋण, म्हणजे ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळा रंग न धरणाऱ्या गटातला, आहे. इथे नावे घेतलेले सगळे रोगकारक ग्रॅम-ऋणच आहेत, त्यामुळे तार न धरणारी कॉलनी बाजूला ठेवता येते.

पुढे ऑक्सिडेज, म्हणजे त्या नावाचे विकर जीवाणूत आहे का, ही चाचणी. ताज्या १ टक्का अभिकर्मकाने भिजवलेल्या गाळणकागदावर कॉलनी घासली की दहा सेकंदांत जांभळा रंग आला तर चाचणी होकारार्थी. कॉलनी उचलायचा तारेचा लूप प्लॅटिनमचा नसेल तर लाकडी टूथपिक वापरावी. नायक्रोमच्या लूपने खोटा जांभळा रंग येतो हे पुस्तकात वाचलेले असूनही मी विद्यार्थिदशेत तोच लूप वापरला होता आणि देठाच्या कुजीतली इविंगेला आठवडाभर स्यूडोमोनास म्हणून सांभाळली होती. टोलासी, जिंजेरी, पुटिडा हे सगळे ऑक्सिडेज-धन आहेत; इविंगेला ऑक्सिडेज-ऋण आहे आणि चमकतही नाही. म्हणजे देठातल्या कुजीचे अर्धे निदान या एका कागदावर होते.

चमकणाऱ्या स्यूडोमोनासांना आपसांत वेगळे करण्यासाठी लेलियट आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मांडलेली पाच चाचण्यांची मालिका आजही उपयोगी पडते: पाच टक्के साखरेच्या माध्यमावर घुमटासारखी चिकट कॉलनी येते का, ऑक्सिडेज, बटाट्याचा काप कुजतो का, आर्जिनिन डायहायड्रोलेज हे विकर आहे का, आणि तंबाखूच्या पानात टोचल्यावर चोवीस तासांत तो भाग मरतो का. टोलासीचे उत्तर साधारणपणे नाही, होय, नाही, होय, नाही असे येते. बटाट्याची चाचणी स्वयंपाकघरातल्या साधनांनी होते: सोललेला बटाटा अल्कोहोलने पुसून ज्योतीतून काढावा, बोटभर जाड काप करावेत, मध्ये खाच पाडून जीवाणू लावावा आणि ओलसर थाळीत २५ अंशांवर दोन दिवस ठेवावा. खाचेच्या आसपास गर मऊ होऊन काडी सहज रुतली तर चाचणी होकारार्थी. बटाटा कुजवणारा चमकता जीवाणू मिळाला तर तो टोलासी नव्हे, बहुधा भाज्या कुजवणारा त्याचा भाऊबंद असतो. पण ही मालिका गट सांगते, गुन्हेगाराचे नाव नाही. निरुपद्रवी स्यूडोमोनास फ्लुओरेसन्सच्या कित्येक प्रकारांची उत्तरे टोलासीसारखीच येतात.

पांढऱ्या रेषेची चाचणी

अळिंबीच्या जीवाणुशास्त्राला स्वतःची म्हणता येईल अशी ही चाचणी वाँग आणि प्रीस यांनी १९७९ मध्ये मांडली. अळिंबीवरच राहणारा आणि ‘रिॲक्टन्स’ या नावाने ओळखला जाणारा एक स्यूडोमोनास टोलासीच्या जवळ वाढवला की दोघांच्या मधल्या अगरमध्ये दुधट पांढरी रेषा उमटते. टोलासी टोलासिन नावाचे विष सोडतो. ते १८ अमिनो आम्लांची साखळी आणि मेदाम्लाची शेपटी असलेले संयुग आहे आणि पेशीच्या पटलाला भोके पाडते. रिॲक्टन्स ९ अमिनो आम्लांचे दुसरे एक संयुग सोडतो. दोन्ही अगरमधून पसरत एकमेकांना भेटतात आणि जिथे भेटतात तिथे साका बसतो.

किंग्ज बीच्या थाळीवर मधोमध रिॲक्टन्सच्या ज्ञात प्रकाराची एक सरळ रेघ ओढावी. तिच्या एका बाजूला, रेघेपासून अर्धा ते एक सेंटिमीटर अंतरावर, तपासायच्या कॉलनी ठिपक्यांनी लावाव्यात आणि त्याच ओळीत एक ठिपका ज्ञात टोलासीचा ठेवावा. त्याचा मानक प्रकार वनस्पतिरोगकारक जीवाणूंच्या एनसीपीपीबी या ब्रिटिश संग्रहात २१९२ या क्रमांकाने मिळतो. थाळी २५ अंशांवर ठेवून २४, ४८ आणि ७२ तासांनी काळ्या कागदावर धरून, प्रकाश बाजूने पाडून पाहावी. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कोवळी रेषा दिसतच नाही. ती कॉलनीवर किंवा अगरच्या पृष्ठभागावर नसते, अगरच्या आत असते. नखाने खरवडून ती जात नाही, हे एकदा स्वतः करून पाहिले की पुढे गैरसमज होत नाही. ज्ञात टोलासीच्या ठिपक्याशी रेषा आली नसेल तर त्या थाळीवरचा एकही निष्कर्ष धरू नये.

जिंजेरी अशी रेषा देत नाही, म्हणून तपकिरी आणि आल्याच्या रंगाच्या डागांचा निकाल इथे लागतो. टोलासीचे विष न बनवणारे पारदर्शक रूपही रेषा देत नाही. दुसरीकडे, टोलासी आणि रिॲक्टन्स यांच्याखेरीज इतर काही स्यूडोमोनासांच्या जोडीतही पांढरी रेषा येऊ शकते असे पुढच्या काळात दिसून आले आहे. त्यामुळे रेषा हा भक्कम पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही.

अळिंबीवर परत

निकाल अखेर अळिंबीच देते. रोग नसलेल्या खोलीतली, पडदा न फाटलेली, तीन-चार सेंटिमीटर टोपीची, त्याच दिवशी काढलेली अळिंबी घ्यावीत. बाजारातली पाकिटातली अळिंबी वापरू नयेत. त्यांच्यावर आधीच काय आहे ते कळत नाही. टोपीचे सुमारे एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे धारदार पात्याने, न दाबता कापावेत आणि ओल्या गाळणकागदाच्या थाळीत कापलेली बाजू वर करून मांडावेत. चोवीस तासांच्या कॉलनीचे निर्जंतुक पाण्यात मिश्रण करावे, गढूळपणा मोजायच्या मॅकफारलंडच्या ०.५ मानकाइतका गढूळ, म्हणजे मि.ली.ला सुमारे १५ कोटी पेशी, आणि प्रत्येक तुकड्यावर १० मायक्रोलिटरचा थेंब सोडावा. त्याच मिश्रणाची दहापट आणि शंभरपट पातळ केलेली रूपेही लावावीत. प्रत्येक वेळी तीन तुकड्यांवर नुसते निर्जंतुक पाणी, तीनांवर ज्ञात टोलासी आणि तीनांवर रिॲक्टन्स हवा.

चोवीस तासांनी पाण्याचा तुकडाही थोडा मळकट झालेला असतो, कारण पात्यानेही पेशी फुटतात. टोलासी लावलेला तुकडा गडद तपकिरी होतो, पण पाहायचा तो रंग नव्हे, खळगा. थेंबाखालचा गर खचतो आणि तुकडा तिरपा धरला की कडेची सावली त्यात पडते. दाट मिश्रणाने निरुपद्रवी जीवाणूंचाही किंचित डाग पडू शकतो. पातळ केल्यावर तो नाहीसा होतो. कापलेल्या गरावर डाग पडला म्हणजे अखंड टोपीवर पडेलच असे नाही, म्हणून मग तीन-चार अखंड अळिंबीच्या टोपीच्या सालीवर थेंब सोडून, झाकलेल्या ओलसर डब्यात २० अंशांच्या आसपास दोन-तीन दिवस ठेवावे. डाग खोलीत पाहिला होता त्याच रंगाचा, त्याच पोताचा आला पाहिजे. त्या नव्या डागातून जीवाणू पुन्हा वेगळा करून, पुन्हा पांढरी रेषा मिळाली की साखळी पूर्ण झाली. चालू लागवडीच्या खोलीत वाफ्यावर जीवाणू फवारून पाहण्याचा आगाऊपणा कोणी करू नये.

देठाच्या कुजीसाठी थेंब वरून ठेवून उपयोग नाही. लहान अळिंबीच्या देठात सुईने आत सोडावा लागतो. इविंगेला निरोगी अळिंबीतही वरचेवर सापडत असल्याने तिथे या कसोटीवाचून काही ठरवणे धाडसाचे आहे. ममी रोगाचे तर याहून अवघड: वेगळा केलेला जीवाणू तुकड्यावर लावून तो रोग हुबेहूब उभा राहत नाही आणि निदान प्रामुख्याने खोलीतल्या लक्षणांवर, पुढे सरकणाऱ्या सीमेवर आणि वाफ्यात आडवा चर काढल्यावर रोग तिथे थांबतो का, यावर करावे लागते. गर विरघळवणाऱ्या जीवाणूंपैकी बर्कहोल्डेरिया किंग्ज बीवर पिवळसर-हिरवे द्रव्य अगरमध्ये सोडतो, पण दिव्याखाली ते चमकत नाही. तो हाताळताना हातमोजे घालावेत आणि फुप्फुसाचा जुना आजार असलेल्याने तो हाताळूच नये. जँथिनोबॅक्टेरियम या वंशनावाने गडद जांभळी कॉलनी आठवते, परंतु अळिंबी कुजवणारी जात रंगहीनच आहे.

धिंगरीच्या पिशव्यांवर

महाराष्ट्रात लहान उत्पादक मुख्यतः धिंगरी घेतात. तिच्यावरही टोलासी आणि ॲगारिसी येतात. टोप्यांवर पिवळे ते नारिंगी, पुढे तपकिरी व बुळबुळीत डाग पडतात आणि कोवळे पिनहेड पिवळे पडून थांबतात. पद्धत वरचीच, फक्त चाचणीचे तुकडे धिंगरीचेच घ्यावेत. पण आधी खोलीत शिरून श्वास घ्यावा. कोंदट वाटत असेल, देठ लांब आणि टोप्या बारीक असतील, तर कर्बवायू साचला आहे. कोरड्या वाऱ्याच्या झोतानेही पिनहेड पिवळे पडून सुकतात. अशा पिनहेडवर मागाहून जीवाणू वाढतातच आणि थाळीवर भरगच्च दिसतात.

जनुकीय खात्री आणि जतन

सोय असेल तर टोलासिन बनवणाऱ्या जनुकावर बेतलेली पीसीआर चाचणी करावी. ती एका दिवसात सांगते की या जीवाणूत विष बनवण्याची सामग्री आहे. १६एस आरआरएनए जनुकाचा सुमारे दीड हजार अक्षरांचा क्रम पाठवून आलेल्या “९९ टक्के साम्य” या उत्तरावर मात्र विसंबू नये. स्यूडोमोनासच्या जाती या जनुकात एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की जातीचे नाव त्यावरून ठरत नाही. त्यासाठी आरपीओडी किंवा जायरबीसारख्या जनुकांचा क्रम जोडीला लागतो. स्वतःकडे सोय नसेल तर हिमाचल प्रदेशातील सोलन येथील अळिंबी संशोधन संचालनालयाकडे किंवा पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी प्रकल्पाकडे आधी विचारून, शुद्ध कॉलनी आणि खोलीतल्या नोंदी अशा दोन्ही गोष्टी पाठवाव्यात. नुसते कुजके खोके पाठवू नये.

जतनाचे काम पहिल्या शुद्ध कॉलनीच्या दिवशीच करावे, चाचण्या संपल्यावर नव्हे. रात्रभर वाढवलेल्या जीवाणूत निर्जंतुक ग्लिसरॉल १५ ते २० टक्के होईल इतके मिसळून, लहान कुप्यांत भरून उणे ८० अंशांवर ठेवावे. तशी सोय नसेल तर दाट मिश्रण निर्जंतुक पाण्यात, घट्ट झाकणाच्या कुपीत ठेवूनही स्यूडोमोनास पुष्कळ काळ जगतात. रोजच्या कामासाठी एक कुपी उघडावी आणि ती संपली की पुढची. थाळीवरून थाळीवर उतरवत राहू नये. कुपीवर तारीख, खोली, फ्लश, डागाचा रंग आणि ती कॉलनी अपारदर्शक होती की पारदर्शक, हे पाण्याने न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहावे.